गहिनीनानांची चंदनाची वाटी

आधीच सांगते, मला गोड बोलता येत नाही. कोल्हारात तेवीस वर्षं पिठाची गिरणी चालवतेय. पट्ट्याच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय लागली, ती गिरणी बंद असली तरी जात नाही. तेव्हा गहिनीनाथ कातारी यांच्याबद्दल सांगताना कुठं आवाज चढला तर समजून घ्या. माणूसच असा आहे की त्याच्याबद्दल शांतपणे सांगवत नाही.

नाना माझे शेजारी. नगर-मनमाड रस्त्यावरून आत वळलं की नदीकडे जाणाऱ्या गल्लीत आधी माझी गिरणी आणि लगेच नानांचं कातकामाचं दुकान. दोघांत एकच भिंत. कातकाम म्हणजे लाकूड गरागरा फिरतं ठेवायचं आणि त्याला पटाशी टेकवून गोल आकार द्यायचा. लाटणी, रव्या, पाळण्याचे खूर, देव्हाऱ्याचे खांब, यात्रेत विकायला भोवरे. आता सगळं स्टीलचं नाहीतर प्लास्टिकचं झालं, पण लाटणं अजून लाकडाचंच लागतं, म्हणून नानांचं चाललं. वय अडुसष्ट. अंगानं वाळकुडे, डोक्यावर टोपी, आणि बोलणं इतकं कमी की समोरच्याला वाटावं आपणच काहीतरी जास्त बोलून बसलो. मला तर ते रोज वाटतं.

मुळात ते घुमे नव्हते. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा त्यांच्याकडे मोटार नव्हती, दोरीची लेथ होती. लाकूड दोन टोकदार खिळ्यांच्या मध्ये अडकवायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा, आणि समोर बसलेल्या माणसानं दोरीची दोन टोकं आळीपाळीनं ओढायची, ताक घुसळतात तशी. एकट्या माणसाला ते जमत नाही. कातारी लोकांत दोरी ओढायला बायको बसते. नानांच्या समोर बनुबाई बसायच्या. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नवराबायको तोंडासमोर तोंड, मध्ये हातभर लाकूड. आणि बोलणं किती. कोणाची म्हैस आटली, भाजीत मीठ कसं जास्त पडलं, कोणाच्या सुनेनं काय टोमणा मारला. मला हेवा वाटायचा. आमचे हे साखर कारखान्यात पाळीवर. आले की झोपायचे, उठले की जायचे. मला त्यांचं तोंड नीट बघायला सणाची सुट्टी लागायची.

मग मोटार आली. बनुबाईंच्या खांद्यात कळा यायला लागल्या म्हणून नानांनीच हौसेनं आणली. बटण दाबलं की लाकूड आपोआप फिरायचं. बनुबाई पहिले दोन दिवस तरीही समोर येऊन बसल्या, रिकाम्या हातांनी. पण आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. तिसऱ्या दिवशी त्या उठून घरात गेल्या आणि पुन्हा काही तिथं बसल्या नाहीत. नाना एकदा मला म्हणाले होते, "ताई, मोटार आनली आन् समोरचं मानूस गेलं." मी म्हटलं, "तिचा खांदा तरी वाचला ना." असं फटकन बोलायची मला खोडच आहे. तेव्हा गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?

चार वर्षांपूर्वीच्या त्या वाईट उन्हाळ्यात दोघांनाही कोरोना झाला. दोघांना दोन वेगळ्या दवाखान्यांत जागा मिळाली. नाना परत आले, बनुबाई आल्या नाहीत. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. लेक पिंपरीला असते, ती म्हणाली, चला माझ्याकडे. पण तिच्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत लेथ कुठं बसवणार? नाना गेले नाहीत. दर रविवारी तिचा फोन येतो, नाना म्हणतात, "सगळं बरं हाय," आणि ठेवून देतात.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. दळणाची गर्दी होती, तरी मला भिंतीपलीकडून जळक्या दुधाचा वास आला. धावत गेले. नाना शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले, पातेलं काळंठिक्कर, घरभर धूर.

"नाक हाय का गहान टाकलंय?" मी ओरडले.

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बारीक आवाजात म्हणाले, "नाक न्हाई ऱ्हायलं, ताई. दवाखान्यातनं आलो तवापास्नं कशाचाच वास येत न्हाई."

मी पातेलं शेगडीवरून खाली उतरवलं. नानांनी लगेच मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. कारण कातारी लाकूड नाकानं ओळखतो. ताजा छिलका नाकाशी धरायचा आणि सांगायचं, हा निंब, ही बाभूळ, हे शिसव. नानांचं नाक पंचक्रोशीत मानलेलं. बेलापूरचा रामहरी सुतार जुन्या वाड्यांतली, मोडीतली लाकडं विकत घेतो, तो दर महिन्याला पिशवीत तुकडे घालून ते ओळखून घ्यायला नानांकडे यायचा. "लोकांला कळलं तर म्हंतील, म्हातारा आता कामातनं गेला," नाना म्हणाले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं गल्ली म्हणते, पण ही गोष्ट मी चार वर्षं धरून ठेवली. नाना वजन तोलून, नखानं ओरखडून, रेषा बघून वेळ मारून नेत होते. आणि दूध तापवायच्या वेळेला मी भिंतीवर थाप मारत होते.

यंदाच्या फेब्रुवारीत एक मुलगी स्कूटीवरून आली. स्नेहल तिचं नाव, संगमनेरला कॉलेजात शिकवते. पायाशी गोणपाटात गुंडाळलेला ओंडका. तिनं गोणपाट सोडलं आणि मला गिरणीच्या दारात वास आला. चंदन होतं.

मी दळण तसंच टाकून गेले. दुसऱ्याच्या दुकानात नाक खुपसायला मला निमंत्रण लागत नाही. स्नेहलनं सगळं सांगितलं. लोणीच्या पुढं त्यांची वस्ती. घरामागे चंदनाचं झाड होतं, कुणी लावलेलं नाही, पाखरानं टाकलेल्या बीचं, ती जन्मली त्या सुमारास उगवलेलं. तिच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, हनुमंतरावांनी, ते तीस वर्षं राखलं. बाजेवर झाडाखाली बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, ही माझी दुसरी लेक. गेल्या वर्षी एका पहाटे उठून बघतात तर झाड नाही. चोरांनी करवतीनं कापून नेलं, बुडखा तेवढा ठेवला. पंचनामा झाला, वनखात्याची माणसं येऊन कागद करून गेली. त्यानंतर दोन महिन्यांत हनुमंतरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

"बुडखा रीतसर खणून काढला. त्याचा एक तुकडा मी दादांच्या उशाशी ठेवला होता," स्नेहल म्हणाली. "ते डाव्या हातानं नाकाशी न्यायचे आणि तेवढ्यापुरते शांत व्हायचे. मग आत्या आली. म्हणाली, आजाऱ्याच्या उशाशी चंदनाचं लाकूड? सरणाची तयारी चालवलीत का? आईनं घाबरून तो तुकडा काढून घेतला."

आत्याचं बोलणं वाईट होतं, पण खोटं नव्हतं. आमच्याकडे सरणावर चंदनाचा तुकडा ठेवतात, ऐपत नसली तरी बोटभर खोड शोधून आणतात. ते लाकूड आजारी माणसाजवळ दिसलं की कुणीही ते उचलून लांबच ठेवणार.

"तेव्हापासून दादा उशीखाली हात घालून चाचपत राहतात. नीट जेवत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं, या लाकडाची वाटी करून घ्यावी. वाटीला कुणी सरणाचं म्हणणार नाही, आणि दादांना एका हातात धरता येईल. त्यांना दुसरं काही नको आहे, नाना. त्यांना त्यांचं झाड पाहिजे."

नाना ओंडक्यावर हात फिरवत होते. चंदन त्यांनी आयुष्यात कातलेलं नव्हतं. आमच्या भागात कोण देतं चंदन कातायला? पण ते म्हणाले, "करतो."

मला तेव्हाच कळलं की हे काम ते नुसतं गिऱ्हाइकासाठी घेत नाहीत. स्नेहल गेल्यावर ते ओंडका मांडीवर घेऊन बसले आणि नाक त्याला लावून ओढत राहिले, लहान मूल आंब्याची कोय चोखतं तसं. "डाक्टर म्हनला हुता, कवातरी येईल परत," ते म्हणाले. "म्हटलं, यायचाच आसंल तर चंदनाला तरी येईल." मी खाली पडलेल्या गोणपाटाची घडी घालत बसले.

बुडख्याचं कडेचं पांढरं लाकूड म्हणजे नुसतं लाकूड, वास सगळा आतल्या पिवळसर गाभ्यात. नानांनी रंग बघून गाभ्याचा तुकडा काढला, सरसानं लाकडी चकतीला चिकटवला, लेथवर चढवला. आधी बाहेरून गोल केला, मग वाकडी पटाशी घेऊन आतून पोखरायला घेतलं. "खोबऱ्यावानी कापलं जातंय, ताई," ते म्हणाले. पिवळे छिलके त्यांच्या हातांवर, टोपीवर, मिशीत.

आणि गल्लीत वास सुटला. काय सांगू. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेली माणसं बाहेर आली. बायका दळणाचे डबे खाली ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. देवीच्या देवळातले गुरव भुसा मागायला आले. जो तो म्हणतोय, काय वास सुटलाय, नाना. नाना मान हलवून "व्हय, व्हय" म्हणत होते. अख्ख्या गल्लीला वास होता, आणि ज्याच्या हातून तो निघत होता त्याला तो नव्हता. मला इतका राग आला. कुणावर ते कळेना, म्हणून गर्दीवर काढला. "कामधंदं न्हाईत का तुमाला?" म्हणून सगळ्यांना हाकललं.

दोन दिवसांत वाटी उतरली. ओंजळीत बसेल एवढी, कड बांगडीइतकी पातळ. पॉलिशपेपरनं घासून मऊ केली. मग नानांनी लाख लावली.

हे नीट सांगायला पाहिजे, कारण घोळ इथंच झाला. कातारी लोक उघडी वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. वस्तू लेथवर फिरत असतानाच तिला लाखेची कांडी टेकवतात. घर्षणानं लाख वितळून लाकडावर चढते, मग केवड्याच्या वाळल्या पानानं दाबून घासलं की चकाकी येते. नानांच्या आज्यानं असंच केलं, बापानं असंच केलं. साध्या लाटण्याच्या मुठीलासुद्धा नाना दोन बोटं लाख लावल्याशिवाय सोडत नाहीत. त्यात यावेळी त्यांच्या डोक्यात ती आत्या बसली होती. "उघडं लाकूड आजाऱ्याच्या उशाला नको, ताई. लाख चढली की वाटी दिसंल, लाकूड दिसनार न्हाई." आत पिवळी लाख, बाहेर पिवळी लाख, बुडाशी एक लाल रेघ. मीही मान डोलावली. कबूल करते, मला काही सुचलं नाही. दुकानभर चंदनाचा भुसा, वासानं डोकं जड झालेलं, त्यात वाटीचा वेगळा वास कोण बघतो?

स्नेहल आली, वाटी दोन्ही हातांत घेतली, खूश झाली. तीही त्याच भुशात उभी होती.

पाचव्या दिवशी दुपारी ती परत आली. नानांच्या समोर रामहरी सुतार बसलेला, पिशवीतून पहिला तुकडा काढून हातात धरलेला. स्नेहलनं वाटी लेथच्या फळीवर ठेवली. तिचे डोळे सुजलेले होते.

"नाना, रागावू नका," ती म्हणाली. "हिला वास नाही. दादांनी दोनदा नाकाशी नेली, मग खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांना वाटतंय, मी दुसऱ्याच कुठल्या लाकडाची आणून त्यांना फसवतेय. दोन दिवस झाले, माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत."

मी वाटी उचलली आणि रस्त्यापर्यंत चालत गेले, भुशापासून लांब. नाक आत घातलं. लाखेचा वास होता, कासाराच्या दुकानात असतो तसा. चंदनाचा मागमूस नव्हता. लाखेनं सगळी छिद्रं बुजवून टाकली होती. नाक असलेल्या माणसाला कांडी टेकवतानाच ते कळलं असतं, पहिल्या फेऱ्यात.

परत आले ती खोटं बोलायच्या तयारीनंच. "आगं, लाकूड वरीसभर उन्हापावसात पडलेलं," मी स्नेहलला म्हटलं, "वास उडून गेला आसंल. त्यात नानांचा काय दोष?"

"ताई, गप ऱ्हावा," नाना म्हणाले. आवाज मोठा नव्हता. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरी, लाकूड तुझं खरं हाय. चूक माजी हाय. मला वास येत न्हाई. चार वरसं झाली. लाखेनं वास कोंडला त्ये मला कळलंच न्हाई."

रामहरी सुतार ऐकत होता. त्यानं हातातला तुकडा एकदा बघितला आणि सावकाश पिशवीत परत घातला. "मी येतो मग, नाना. बघू पुढच्या बारीला," म्हणाला आणि निघाला. त्यानं वाईट काहीच केलं नाही, पण मला त्याची पिशवी हिसकावून नदीत फेकावीशी वाटली. नानांनी तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्याच्याकडे बघितलं. वीस वर्षं येत होता तो.

"उद्या दुपारपत्तुर देतो," नाना स्नेहलला म्हणाले. "मी सोता घिऊन येतो घरी."

ती गेल्यावर त्यांनी वाटी उजेडाकडे धरली. कड इतकी पातळ की पलीकडचा उजेड लालसर दिसत होता. पुन्हा लेथवर धरली असती तर फुटलीच असती. लाख हातानं खरवडून काढायला पाहिजे. जास्त खरवडलं तर वाटी गेली, आणि दुसरी करावी म्हटलं तर गाभा एवढाच होता. कमी खरवडलं तर वास कोंडलेलाच. कुठं थांबायचं ते फक्त नाक सांगणार.

"ताई," ते म्हणाले, "बसता का माज्यासमोर?"

चार वर्षांत या माणसानं माझ्याकडे वाटीभर साखर मागितली नव्हती. मी गिरणीला कुलूप घातलं. दळणवाल्या बायकांना म्हटलं, उद्या या, जीव जात न्हाई पिठावाचून.

दुकानात भुशाचा वास, म्हणून आम्ही नदीच्या घाटावर गेलो. धरणातून कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलेलं, प्रवरेला थोडं पाणी होतं. पायरीवर समोरासमोर बसलो. नानांनी फुटक्या बरणीच्या काचेचा तुकडा फडक्यात धरला आणि वाटीच्या आतून लाख खरवडायला सुरुवात केली. पिवळी पापडी निघून त्यांच्या धोतरावर पडत होती. थोडं खरवडायचं, फुंकर मारायची, वाटी माझ्यापुढं धरायची.

"आला?"

"लाखच हाय आजून."

पुन्हा खरवडायचं. असं किती वेळ चाललं असेल, ऊन एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर गेलं. आणि मध्येच नाना बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, हातातल्या कामाकडे बघत. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा माणूस कसा गेला. बनुबाई गेल्याचं त्यांना तीन दिवस कुणी सांगितलंच नाही. घरी आले तेव्हा दांडीवर तिचं लुगडं वाळत घातलेलं तसंच होतं.

"मी त्ये घडी न करता तोंडावर घेतलं, ताई," ते म्हणाले. "काहीच आलं न्हाई. नुसतं कापड. मला वाटलं ऊन लागून वास गेला. दुसरं काढलं पेटीतनं, तिसरं काढलं. सगळी लुगडी हुंगली. तवा मला कळलं का माजंच नाक गेलंय. आता तर तिचा वास कसा हुता त्ये आठवत बी न्हाई. माक्याचं तेल लावायची, त्ये आठवतं. पर नुसतं नाव आठवतं तेलाचं."

दर वेळी मी म्हणायचे, नाना एकटे राहतात, सवय झाली असेल. माणूस भिंतीपलीकडे चार वर्षं असा जगतोय, आणि मी थाप मारून दुधाची आठवण करून देते म्हणजे फार केलं असं मला वाटत होतं.

"आला?" त्यांनी वाटी पुढं केली.

मी नाक आत घातलं. आधी नदीच्या ओल्या दगडांचा वास आला. मग हळूच, अगदी खालून, दुसरा आला.

"थांबा," मी म्हटलं. "आला, नाना."

"नक्की?"

"नक्की. आता तिथं हात लावू नका."

"कसा हाय?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. तेवीस वर्षं नुसतं बोलत आलेय मी. "चंदनासारखाच हाय," मी म्हटलं.

"त्ये ठावं हाय मला," नाना म्हणाले आणि जरासे हसले. मग त्यांनी आतली उरलेली लाख तेवढ्याच खोलीपर्यंत, हलक्या हातानं काढली. बाहेरची लाख आणि लाल रेघ तशीच ठेवली. आत्याला बाहेरची चकाकी दिसेल, हनुमंतरावांना आतलं लाकूड मिळेल. कडेशी केसासारखी एक चीर गेली होती, तिथं काच नेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जीपनं गेलो. मी कशाला गेले? नानांना एकट्याला सोडवलं नाही, खरं तर. वस्तीवर स्नेहल वाट बघत उभी होती. पडवीत खाटेवर हनुमंतराव, भिंतीकडे तोंड करून. मोठ्या हाडाचा माणूस, आता सगळा खाली बसल्यासारखा. शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला, तसाच.

"दादा, वाटी," स्नेहल म्हणाली. ते वळले नाहीत.

नाना खाटेच्या कडेला बसले. "हनुमंतराव, मी गहिनीनाथ कातारी, कोल्हारचा. चूक माजी हुती, पोरीची न्हाई. तिनं तुमचंच लाकूड आनलं हुतं. मीच त्याचं तोंड बंद केलं. आता उघडलंय. एकदा बगा."

मग हनुमंतरावांनी मान वळवली. नानांनी वाटी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, म्हणजे जवळजवळ तोंडावर पालथी घातली, आणि काढलीच नाही. आम्हाला फक्त त्यांचे डोळे दिसत होते. आधी मिटलेले, मग पाणी. एकदाच घशातून आवाज आला. स्नेहलनं तांब्या पुढं केला आणि ते तिच्या हातून पाणी प्यायले, अर्धं उशीवर सांडत. ती तिथंच खाली बसून ओढणीनं तोंड झाकून रडली.

मला वाटलं, झालं, आता उठावं. तेवढ्यात हनुमंतरावांनी वाटी नानांच्या पुढं धरली. नाना घ्यायला गेले तर देईनात. मान हलवली, आणि वाटी आणखी वर, नानांच्या तोंडाकडे नेली. तुम्हीही घ्या, असं. बोलता येत नसलेल्या माणसाजवळ द्यायला तेवढंच होतं.

"दादा, त्यांना..." स्नेहल म्हणायला लागली. नानांनी हातानं तिला थांबवलं. ते वाकले, नाक वाटीत घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. हनुमंतराव त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला बघवेना, मी अंगणाकडे बघत राहिले.

"हाय," नाना म्हणाले. "तुमचंच झाड हाय."

हनुमंतरावांचा चेहरा डावीकडून हसला. वाटी छातीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले.

आम्ही रस्त्यावर आलो. जीपची वाट बघत बाभळीखाली उभे राहिलो. माझ्या जिभेला हाड नाही, मी विचारलंच, "नाना, मगाशी खरंच काई आलं का?"

"न्हाई," ते म्हणाले. "पर मी नाटक न्हाई केलं, ताई. खरंच वडला श्वास. म्हटलं, एवढा मानूस एवढ्या मायेनं धरतोय तर आज येईल."

जीप लांब दिसायला लागली. मी रस्त्याकडे बघत होते म्हणून त्यांनी पुढचं म्हटलं की काय, कोण जाणे.

"वाटी धरताना त्यांचा हात गालाला लागला माज्या. चार वरसांत तोंडाला मानसाचा हात लागला न्हवता."

जीप जवळ आली तरी माझा हात वर गेला नाही. जीपला हात नानांनीच केला.